चकाकी उतरवली तेव्हा

पिकअपच्या हौद्यावरचं व्हिनाइलचं कव्हर माझ्याकडे येतं तेव्हा बहुधा तक्रार एकच असते: पांढुरकं पडलंय, काळं करून द्या. या गाडीची तक्रार उलटी होती. कव्हर काळंभोर होतं, चकचकीत होतं, पण हात ठेवला की चिकटायचा. धुतलं की लगेच पुन्हा धूळ बसायची. मालक वैतागून म्हणाले, "नवंच टाकणार होतो. म्हटलं, त्याआधी तुम्हाला एकदा दाखवावं."

लावता काय, विचारलं. चमक आणणारं एक तेलकट पॉलिश ते दर आठवड्याला न चुकता लावत होते. चिकटपणा जाईना म्हणून मध्ये इंजिनाचा डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारं कडक रसायन, मारून पाहिला, आणि कव्हर रुक्ष दिसलं म्हणून वर पुन्हा पॉलिश. माणूस हौशी. हेळसांड केलेलं कव्हर सावरणं एकवेळ सोपं, लाडावलेलं फार अवघड.

मी कडेचा वेल्क्रो उचलला. त्याखाली बोटभर रुंदीची पट्टी होती, जिला ना ऊन लागलं होतं ना पॉलिश. मंद काळी, मऊ, कोरडी. मालकांना तिथे बोट फिरवायला सांगितलं आणि मग शेजारच्या भागावर. त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं. "म्हणजे मुळात हे चमकतच नव्हतं?" नव्हतंच.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मूळचं कडक. पाण्याचे पाइप त्याचेच असतात. 1926 मध्ये वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाला त्यात द्रव मिसळून ते लवचीक करण्याची युक्ती सापडली, तेव्हापासून त्याची कापडं, कव्हरं होऊ लागली. मऊपणा आणणारं ते द्रव्य, प्लास्टिसायझर, पीव्हीसीला रासायनिकरीत्या जखडलेलं नसतं. ऊन आणि उष्णतेनं ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतं, आणि पेट्रोलियमयुक्त पॉलिश किंवा कडक सॉल्व्हंट त्याला आणखी बाहेर ओढतात. या कव्हरवरचा चिकटा म्हणजे बाहेर आलेलं ते द्रव्य, पॉलिशचे थर आणि त्यात रुतलेली धूळ, असं सगळं मिळून होतं.

गाडी सावलीत घेतली, कव्हर गार होऊ दिलं. आधी नुसत्या पाण्यानं वरची रेती वाहून जाऊ दिली. रेतीसकट घासणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. हाताखालच्या पोरानं प्रेशर वॉशरचा नोझल शिवणीजवळ नेला, तेव्हा त्याला मागे ओढलं. जवळून मारलेला फवारा दोऱ्याच्या भोकांतून आत शिरतो आणि सैल झालेली शिवण उसवतो. मग त्याचं सुरू झालं, थिनर लावू का, तो पांढरा स्पंज घेऊ का. दोन्हीला नाही. तो मेलामाइनचा स्पंज डाग काढतो खरा, पण घासून काढतो, व्हिनाइलच्या वरच्या थरासकट.

कोमट पाणी, गाडीचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश. एका वेळी परातीएवढाच भाग, कारण फेस वाळला की मळ पुन्हा बसतो. व्हिनाइलवर चामड्यासारखी बारीक नक्षी असते आणि तिच्या खाचांत सगळं दडलेलं असतं, म्हणून ब्रश गोल गोल फिरवायचा. फेस तपकिरी येत होता. प्रत्येक हातानंतर ओलं पांढरं फडकं दाबून फिरवायचं आणि बघायचं. फडकं स्वच्छ येईपर्यंत काम संपलेलं नसतं, कव्हर कितीही छान दिसो.

आणि ते छान दिसत नव्हतं. थर उतरले तसा खरा रंग वर आला: करडेपणा, आणि घडीच्या रेषांवर केसासारख्या बारीक भेगा. मालकांचा चेहरा पडला. "अहो, आधी बरं दिसत होतं की!" खरंच होतं. भेगा नव्या नव्हत्या, पॉलिशखाली भरलेल्या होत्या.

कव्हर उलटलं तर खालच्या कापडावर काळे ठिपके. ओलं असताना गुंडाळून ठेवलं की बुरशी धरतेच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, थोडा वेळ मुरू दिलं, ब्रशनं घासलं, धुतलं आणि पूर्ण वाळेपर्यंत उघडं ठेवलं. ब्लीच वापरलं नाही, ते दोराही खातं. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच तर चुकूनही पडू द्यायचं नाही, क्लोरीनचा विषारी वायू होतो.

शेवटी पाण्यावर आधारलेलं, अतिनील किरण रोखणारं प्रोटेक्टंट. फडक्यावर घेऊन पातळ हात, मग कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. हाताला काही लागलं तर जास्त झालं समजा. बाटल्यांवर व्हिनाइलला 'पोषण' मिळतं असं लिहिलेलं असतं, त्यावर माझा विश्वास नाही. गेलेलं प्लास्टिसायझर वरून पुसून परत आत जात नाही. उरलेलं टिकवता येतं, एवढंच.

भेगांमधून पाणी झिरपतंय का, ते पाहायला वर पाणी ओतलं आणि हौद्यात टॉर्च मारला. व्हिनाइलच्या पोटातलं पॉलिस्टरचं कापड शाबूत होतं, खाली थेंब नाही. मधोमध मात्र पाणी साचत होतं, म्हणून ताण देणारे स्क्रू थोडे आवळले. जास्त नाही, थंडीत व्हिनाइल आक्रसतं आणि कडा ओढल्या जातात. नवं कव्हर घेण्याचा बेत मालकांनी तूर्त पुढे ढकलला. एका कोपऱ्यात शिवण सुटली होती, ती जाड पॉलिस्टर दोऱ्यानं घालून घ्या म्हटलं, आणि कडाक्याच्या थंडीत आखडलेलं कव्हर जोर लावून गुंडाळू नका. पॉलिशच्या उरलेल्या बाटलीचं काय करू, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, कव्हरपासून लांब ठेवा.