नाव कुठं लिहिलंय?

25 एप्रिलच्या पहाटे साडेचारला मेलबर्नच्या श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स या युद्धस्मारकापाशी पोचलो, तेव्हा अंधारात जिकडं तिकडं माणसंच माणसं. लहान लेकरं बापाच्या खांद्यावर, पण आवाज कुणाचा नाही. शेजारच्या बाईंच्या कोटावर उजव्या बाजूला जुनी पदकं होती. स्वतः मिळवलेली पदकं डावीकडं लावायची, घरातल्या माणसाची उजवीकडं, अशी इथली रीत आहे. "पणजोबांची," एवढंच म्हणाल्या आणि आठवणीची खूण म्हणून रोझमेरीची एक काडी माझ्या हातात दिली. मग बिगूल वाजला.

1915 साली याच दिवशी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. मोहीम फसली, आठ महिन्यांनी माघार घ्यावी लागली. आठ हजारांवर ऑस्ट्रेलियन पोरं तिथंच राहिली. (हिंदुस्थानी पलटणीही तिथं लढल्या, हे आपल्याकडंही फार जणांना माहीत नाही.) तेव्हा ऑस्ट्रेलियाला एक देश होऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती. आपण कोण, हे या माणसांनी त्या हरलेल्या लढाईतून ठरवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

इथं खेड्याखेड्यात युद्धात गेलेल्यांच्या नावांची शिळा असते. कॅनबेराच्या युद्धस्मारकात तर भिंतीवर एक लाखाहून जास्त नावं आहेत आणि एकाही नावापुढं हुद्दा नाही. अधिकारी आणि शिपाई एका ओळीत. त्या भिंतीपुढं मला माझी आज्जी आठवली.

आमचं गाव हदगाव तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडं. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण आम्ही निजामाच्या राज्यातच होतो. मराठवाड्याला 17 सप्टेंबर 1948 पर्यंत थांबावं लागलं. त्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरं रातोरात नदीपल्याड उमरखेडकडं गेली. आज्जी तेव्हा आठ वर्षांची. बैलगाडीत कडब्याखाली लपवून त्यांना नदीपर्यंत सोडलं ते गावातल्याच एका मुसलमान चाचांनी. तिचा थोरला भाऊ निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या पलीकडच्या कँपात दाखल झाला, एका रात्री अलीकडं आला तो परत गेलाच नाही. त्याचा तांब्या आज्जीनं शेवटपर्यंत कुणाला घासू दिला नाही.

अर्जापूरला हुतात्मा गोविंदराव पानसऱ्यांचं स्मारक आहे, शाळेत त्यांचा धडा ऐकला होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं आमचं विद्यापीठ आहे. पण आज्जीच्या भावाचं नाव कुठल्याच दगडावर नाही. दर 17 सप्टेंबरला आम्ही प्रभातफेरी काढली, झेंड्याला सलामी दिली, बुंदी खाल्ली. आपल्या गावातून कोण गेलं, हे एकदाही कुणी वाचून दाखवलं नाही.

चाचांचं तर त्याहून अवघड. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेनं निजामाचं राज्य घेतल्यावर, मराठवाड्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं, हात राखून धरलेला अंदाज म्हणून, संस्थानभर 27 ते 40 हजार माणसं मेल्याचं लिहिलं. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार खरे, आमच्या घरानं ते भोगले. पण हेही खरं आहे, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय आमचा मुक्तिदिन पुरा होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियातही हेच दुखणं आहे. जमिनीसाठी गोऱ्यांशी लढून मेलेल्या मूळनिवासींच्या शिळा क्वचितच दिसतात. पहिल्या महायुद्धाला गेलेले मूळनिवासी परत आले, तेव्हा इतर सैनिकांना मिळालेली जमीन त्यांच्यातल्या जवळजवळ कुणालाच मिळाली नाही.

त्या दिवशी घरी येऊन काकांना फोन लावला.

"एवढ्या पहाटं लोकं येतेत का रे तिकडं?" काकांनी विचारलं.

"येतेत काका. नावं ऐकायला येतेत. आपल्या गावची यादी करायची का?"

काका जरा वेळ गप्प राहिले. मग एकेक नाव सांगू लागले, मी वहीत लिहीत गेलो. सात झाली. आठवं चाचांचं धरलं.

"त्यांचं नाव काय होतं, काका?"

"आम्ही गाडीवाले चाचाच म्हणायचो बाबा. पुढं कुठं गेले, कुणी सांगितलंच नाही." मग म्हणाले, "थांब. उमरखेडच्या आत्याबाईला ठावं असंल. उद्या सकाळी जातो."