सातवी की आठवी?

बेने इस्रायलींच्या थडग्यांवरील लेख वाचून नोंदवण्याच्या कामासाठी मी अलिबागजवळच्या एका दफनभूमीत गेलो होतो. कोकणात पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा ज्यू समाज आपल्या दगडांवर हिब्रूबरोबर मराठीही कोरून घेत असे.

त्या दिवशीच्या दगडावर मराठीत ‘मंगळवार, ता. २ नोव्हेंबर १८९७’ असे स्वच्छ वाचता येत होते. हिब्रू ओळीत मात्र ५६५८ या वर्षातील हेश्वान महिन्याची आठवी तिथी होती. गणिताप्रमाणे त्या मंगळवारी सातवी तिथी येते. जुन्या नोंदवहीतही कुणीतरी ‘७’ असेच लिहिले होते. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात: सातासाठी ‘झायिन’, आठासाठी ‘हेत’. झायिनला एकच पाय, हेतला दोन पाय आणि वर आडवे छत. शिरोरेषेची सवय असलेल्या पाथरवटाने रेघ ओढता ओढता झायिनचे हेत केले असावे, असे मानून मी कागदावर पेन्सिलीने ‘कोरणाऱ्याची चूक’ असे लिहिले.

मग आरशाने ऊन तिरपे पाडले. दुसरा पाय छताइतकाच खोल, टाकीच्या सारख्या घावांनी तळापर्यंत उतरला होता. असा पाय चुकून कोरला जात नाही.

ज्यांच्या पणजीचा तो दगड होता, त्या मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांना मी अडचण सांगितली.

“दिवे लागल्यावर गेली असेल रे ती,” त्या सहज म्हणाल्या. “आमचा दिवस सांजेलाच बदलतो ना.”

हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. पण दगडापुढे बसल्यावर ते मला सुचले नाही, याची मला मनापासून लाज वाटली. मंगळवारी अंधार पडताच आठवी तिथी लागली होती. दोन्ही तारखा खऱ्या होत्या, आणि त्या दोन ओळींतील फरकामुळेच एका स्त्रीच्या मृत्यूची वेळ सव्वाशे वर्षांनंतरही कळत होती. मराठी ओळीत ती कुठेच लिहिलेली नव्हती.

मी ‘चूक’ हा शब्द खोडला. मावशी मात्र गप्प झाल्या होत्या. त्यांच्या घरी वडिलांपासून नोंदवहीप्रमाणे सातव्या तिथीला तिच्या स्मरणार्थ दिवा लावला जात होता.

“मग यंदा आठवी कधी येते, तेवढं लिहून दे,” त्या म्हणाल्या.

तिथेच दगडाजवळ बसून मी पंचांग उघडले.