दगड आणि चिठ्ठी : आमची वाटचाल

आमचं दुकान अमोनाइटच्या जीवाश्मांचं. येणारा दर दुसरा माणूस विचारतो, "हे पन्हाळ्यावर सापडतंय काय?" नाही सापडत. पन्हाळा, जोतिबा, रंकाळ्याची जुनी खाण, सगळा लाव्हाचा काळा कातळ. अमोनाइट हा समुद्रातला जीव, गुंडाळलेल्या शिंपल्यात राहणारा, माकूळ-ऑक्टोपसच्या भाऊबंदकीतला. इकडं लाव्हा ओतला जात होता त्याच सुमारास, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, तो जगातून संपला. म्हणजे आपल्या पायाखालचा कातळ त्याच्या तेराव्याच्या वेळचा. त्यामुळं आमचा सगळा माल बाहेरचा. कोल्हापूरचे फक्त हात.

मी मूळचा फेटलिंगचा, म्हणजे ओतीव माल साफ करणारा माणूस. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत नऊ वर्षं कास्टिंगला चिकटलेली वाळू काढली, रायझर तोडले, फिना घासल्या. १९९७ च्या उन्हाळ्यात कच्छहून बेंटोनाइटचा, म्हणजे साच्याच्या वाळूत मिसळायच्या मातीचा ट्रक आला. ड्रायव्हरनं पुढच्या काचेपाशी, देवाच्या फोटोशेजारी, एक दगडी शंख ठेवला होता. तळहाताएवढा, गंजल्या रंगाचा. त्यांच्याकडच्या चारी गावाच्या बाजूला रस्त्याकडेला मिळाला म्हणाला. दोन कटवडे आणि चहावर त्यानं तो मला देऊन टाकला.

मी उलटासुलटा करून बघितला आणि डोक्यात पहिलं आलं ते हेच, की अरे, ही तर कास्टिंग आहे! जीव मेला, रिकाम्या शिंपल्यात गाळ भरला, गाळाचा दगड झाला आणि वरचा शिंपला कधीतरी विरघळून गेला. मोल्ड गेला, माल राहिला. शिंपल्याच्या आत खणाखणांचे पडदे असतात. ते कडेला जिथं टेकतात तिथली नागमोडी रेघ दगडावर जशीच्या तशी उतरते, नेच्याच्या पानासारखी. आम्ही तिला शिवण म्हणतो. ह्या शिवणीवरून जात ओळखतात. ग्राइंडर मारून दगड चकचकीत करणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, पण एक मिलिमीटर जास्त घासलात तर शिवण बिघडते आणि मग तुमच्या हातात नुसता गोल दगड राहतो.

माझा भागीदार त्याच फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमधला, लाकडी नमुने करणारा. नाव लिहीत नाही, कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. दोघांनी मिळून दुकान काढलं, त्याचे ४० हजार, माझे २५ हजार आणि हात. कागद काही केला नाही. दोस्तीत कागद कसला, असं दोघंही म्हणालो. नवीन पोरांनी हे वाचत असाल तर आजच स्टॅम्प पेपर आणा, दोस्त रुसला तरी चालेल. त्याचं कौतुकही लिहितो, नाहीतर म्हणतील खुन्नस आहे. सागवानाच्या कपच्यांतून त्यानं केलेले ट्रे अजून माझ्याकडं आहेत, एकही सांधा सुटलेला नाही.

आमचं खरं भांडवल म्हणजे पेन. धातूवर नाव कोरायचं हवेवरचं पेन असतं, त्याची टोक टिकेना. उद्यमनगरातल्या एका टर्नर मामांनी तुटक्या कार्बाइड टूलमधून नवीन टोक घासून दिली, मागं पितळेची बुश बसवली. हवा ८० पौंडांच्या वर द्यायची नाही. टोक जीवाश्माकडं रोखायची नाही, बाजूनं तिरकी धरायची, भोवतीचा दगड आपोआप कपची होऊन उडतो. दगड सुटायच्या आधी आवाज बदलतो. फेटलिंगमध्ये कान तयार झालेला असतो म्हणून मला तो ऐकू यायचा, भागीदाराला नाही यायचा. तेच पेन आजही चालतं. टोक आठवी असेल.

माल मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून यायचा. मादागास्करचे मधोमध कापलेले जोड, आत खणाखणांत मधाच्या रंगाचं कॅल्साइट भरलेलं. दिवाणखान्यात ठेवायला ते जातात आणि दुकानाचं भाडंही तेच भरतात. मन मात्र तमिळनाडूकडच्या जुन्या संग्रहांत. कराई, अरियलूर हा पट्टा. तिथला टरिलाइट्स गोगलगायीसारखा उभा वळलेला असतो आणि बॅक्युलाइट्स तर सरळ काठीच. हे अमोनाइट आहेत हे गिऱ्हाइकाला पटवण्यात अर्धा तास जातो. आम्ही स्वतः कुठं खोदत नाही. जुने संग्रह घेतो, तेही चिठ्ठीसकट. गाव, थर, कुणी कधी उचलला. चिठ्ठी नसेल तर कॉलेजवाला त्याला हात लावत नाही. कुठला आहे हेच कळत नसेल तर तो शिकवणार काय?

२००३ च्या कार्तिकात फाटलं. तुळशीच्या लग्नाला लोक शाळिग्राम विचारत येत. शाळिग्राम म्हणजे नेपाळातल्या काली गंडकीचा अमोनाइटच, काळ्या गोट्यात बसलेला. भागीदार म्हणाला, आपण आणू, सोन्यासारखा जाईल. मी घरी विषय काढला. आई भाकऱ्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, "शाळिग्राम इकायचा नसतोय रं. द्यायचा असतोय. त्येची किंमत करणारा कुठं जातोय ठावं हाय न्हवं?" मी धार्मिक माणूस नाही. पण आईपुढं माझं कधी चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नको होतं. देव म्हणून विकलेल्या दगडाला चिठ्ठी कोण मागणार?

तो गेला. सहा महिन्यांत देवळाच्या वाटेवर दुकान टाकलं. थोडे दिवस खरे शाळिग्राम विकले असतील, पुढं काळ्या गोट्यांवर मशिननं चक्र कोरलेले आले. ओळखायचं सोपं आहे. कोरलेल्या चक्राची खोली सगळीकडं सारखी असते आणि शिवण कुठंच नसते. खऱ्यात वेढे आत जाताना बारीक होत जातात, फासळ्या कुठं दबतात, कुठं उठतात. रेझिनचे अमोनाइटही येतात बाजारात. तापलेली सुई टेकवा, वास येतो. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "तिकडं शिंपलं मिळतंय, हितं देव मिळतोय." हेही मी सोडून दिलं असतं. पण त्याच्यावर पेपरात अर्धं पान आलं, दगडांचा ध्यास घेतलेला माणूस वगैरे. फोटोत तो पेन धरून बसलाय. पितळेची बुश दिसते त्यात. ते पेन माझं! निरोप समारंभाचा जुना फोटो कापून दिला होता त्यानं. कात्रण मी जपून ठेवलंय.

२००४ ते २०१८ लिहिण्यासारखं काही नाही. धंदा चालला, मुलगी शिकली.

दुकान शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. २००५ ला पाणी जिथंवर आलं होतं तिथं मी भिंतीवर रंगाची रेघ मारली होती आणि सगळी कपाटं तिच्यावर दोन फूट घेतली होती. हुशारी वाटत होती ती. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. हायवे बंद, आम्ही पाहुण्यांकडं. आठवड्यानं शटर उघडलं तेव्हा कपाटं आडवी पडलेली आणि गुडघाभर चिखल.

दगडाला काय होतंय पाण्यानं? सगळे असंच म्हणाले. समुद्रातच होते की ते! पण ४१० नगांच्या चिठ्ठ्या गेल्या. मी त्या जेल पेननं लिहायचो, अक्षर सुंदर येतं म्हणून. ट्रेमध्ये निळसर लगदा राहिला होता. वह्या खालच्या खणात, त्यांचाही लगदा. दुसरं संकट सावकाश आलं. ज्यांच्यात पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज होतं ते सोनेरी नग दिवाळीनंतर फुलायला लागले. पांढरी-पिवळी पूड, गंधकाचा वास, आम्लानं डबीचा तळ जळलेला. एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड. आता सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यांत ठेवतो, पण ३१ नग डोळ्यांसमोर भुगा झाले.

त्याच दिवाळीत भागीदाराचा निरोप आला. किलोवर देतोस काय, १२० रुपये लावतो. बायको म्हणाली, देऊन टाका आणि फौंड्रीत जावा परत. मी हो म्हणायच्या बेतात होतो.

इथं सरांबद्दल लिहायला पाहिजे. गडहिंग्लजकडचे निवृत्त भूगोलाचे शिक्षक. १९९९ पासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एसटीनं येणार, दोनशे-तीनशेचा एक नग घेणार आणि मग स्टुलावर बसून दोन-तीन तास वहीत काहीतरी लिहीत राहणार. भागीदाराला राग यायचा. मीही कधी कधी मनात म्हणायचो, हा माणूस चहाच जास्त पितोय. त्या डिसेंबरात सर पिशवी घेऊन आले. आत दोनशेपानी नऊ वह्या. प्रत्येक पानावर पेन्सिलनं काढलेलं चित्र, फासळ्या मोजलेल्या, तुटलेला कोपरा दाखवलेला, आणि खाली माझी चिठ्ठी शब्दाला शब्द. त्यांनी घेतलेल्या नगांची नव्हे. न घेतलेल्यांची.

"परवडत नव्हते ना," सर म्हणाले. "म्हटलं, नाव-गाव तरी घेऊन जावं."

चार महिने आम्ही दोघं चित्रं आणि दगड जुळवत बसलो. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा फोनवर. ते पान वाचणार, मी भिंग घेऊन फासळ्या मोजणार. ४१० पैकी २६३ नगांना गाव परत मिळालं. भुगा झालेले ३१ सोडून उरलेले ११६ बिनचिठ्ठीचे, ते विकत नाही, शाळेची पोरं आली की हातात द्यायला आहेत.

आता नंबर दगडावरच लिहितो. पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं आकडा, वर पारदर्शक नेलपॉलिश. चिठ्ठी पेन्सिलनं, पाण्यात टिकते. दुसरी प्रत मुलीकडं पुण्यात. जेल पेन दुकानात चालत नाही, गिऱ्हाइकाचंसुद्धा. २०२१ ला पाणी परत आलं, आदल्या खेपेपेक्षा चढच, पण तोवर आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो. भाडं जास्त आहे, जिना अरुंद आहे, त्याबद्दल तक्रार करू नये.

वेळ सकाळी ११ ते ७, सोमवार बंद. पहिल्या शनिवारी दुपारी १२ ते ३ बाहेरच्यांना दुकान बंद असतं. सर येतात. आता त्यांना बारीक दिसत नाही, त्यामुळं चित्र मी काढतो आणि ते फासळ्या बोटानं मोजतात.