प्लग बसला तो चालला नाही, बसला नाही तो चालला

आमच्या डिचोलीच्या घरी माळ्यावर एक जुना टीव्ही गेम आहे, नव्वदीतला, कॅसेट घालून खेळायचा तो. आतून सगळी निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल, पण तेव्हा आम्हाला कुठे माहीत, आम्ही नुसतं टीव्ही गेम म्हणायचो आणि कंट्रोलरला रिमोट. चवथीला पुण्याहून ताई आणि भाचा येणार होते आणि मी फोनवर फुशारकी मारून बसलो की ये, तुला खरा मारिओ दाखवतो. म्हणून आठ दिवस आधी तो खाली काढला. चित्र आलं, आवाज आला, रिमोट मात्र दोन्ही मेलेले. एकाची वायर उंदरांनी खाल्लेली, दुसरा उघडला तर बोर्डावर हिरवा चढ, पुसायला गेलो तर तांब्याच्या रेघाच कापसाबरोबर निघून आल्या. गोव्यातले पंचवीसेक पावसाळे माळ्यावर काढल्यावर आणखी काय होणार. आई म्हणाली, गणपतीबरोबर त्या डबड्याचंपण विसर्जन करून टाक.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारली, तिथे मिळाला तो यूएसबीचा, कॉम्प्युटरला लावायचा, इथे शून्य उपयोग. मग आठवलं की काका शिपवर होते, त्यांच्या ट्रंकेत जुने पॅड, म्हणजे रिमोटच, पडलेत. दोन निघाले. एक सेगा मेगा ड्राइव्हचा, एक निन्टेन्डोच्याच सुपर फॅमिकॉमचा, चार रंगांच्या बटणांचा. त्यांचे कन्सोल, म्हणजे मूळ गेमचे डबे, कधीच भंगारात गेलेले.

सेगाचा प्लग बघून उडालोच, तोच नऊ पिनांचा, आमच्या गेममध्ये खटकन बसला! चालू केलं, स्टार्ट दाबलं, काही नाही. मारिओ आपला टायटलवर उभा. सगळी बटणं दाबून झाली, शेवटी काढून ठेवला, आणि आता वाटतं की काही जळलं नाही हे नशीब, कारण नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं मी काय करत होतो.

हा नऊ पिनांचा प्लग १९७७ च्या अटारी २६०० पासून चालत आलाय, तो फक्त आकार आहे, आत कोण काय जोडेल त्याला धरबंध नाही. सेगाने बऱ्यापैकी अटारीची पद्धत ठेवली, म्हणजे वर खाली डावं उजवं प्रत्येकाला स्वतःची पिन, आणि मेगा ड्राइव्हला बटणं जास्त झाली म्हणून एक सिलेक्टची लाइन, ती खालीवर केली की त्याच पिनांवर दुसरी बटणं वाचता येतात. म्हणून मेगा ड्राइव्हचा पॅड अटारीवर चालतोसुद्धा, बी बटण फायर होतं. निन्टेन्डोचा हिशोबच वेगळा. त्यांच्या पॅडमध्ये शिफ्ट रजिस्टर नावाची चिप असते, कन्सोल एका लाइनवर 'लॅच' म्हणून सगळ्या बटणांचा एकदम फोटो काढतो आणि मग 'क्लॉक'च्या प्रत्येक ठोक्याला 'डेटा'वरून एकेक बटण मागून घेतो. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग चार दिशा, एकूण आठ. पाच व्होल्ट आणि ग्राउंड धरून पाच वायरी, बस. आमच्या गेमने निन्टेन्डोची भाषा घेतली आणि प्लग मात्र अटारीचा लावला.

आणि सुपर फॅमिकॉमचा पॅड, ज्याचा सात पिनांचा प्लग आमच्या गेमला जन्मात बसला नसता, तो नेमकी हीच भाषा बोलतो! फक्त आठऐवजी सोळा बिट देतो, आपला गेम पहिले आठ घेऊन गप्प बसतो. म्हणजे मेलेल्या रिमोटची केबल आणि काकांचा पॅड, जोडायचा एवढंच.

एवढंच म्हणालो खरं पण कुठली पिन कशाची ते कोण सांगणार, या नकली गेमात प्रत्येकाची जोडणी वेगळी असू शकते आणि वायरीच्या रंगावर तर अजिबात विसंबू नये. सात पिनांची बाजू सोपी, ती ठरलेली आहे: १ पाच व्होल्ट, २ क्लॉक, ३ लॅच, ४ डेटा, ७ ग्राउंड. गेमची बाजू मल्टिमीटरने शोधली, दोन जागा आतून जोडलेल्या असल्या की तो बीप देतो. गेम बंद ठेवून उघडला, आत पाच व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर, त्याच्या मधल्या पायाशी जी पिन बीप देते ती ग्राउंड, तिसऱ्या पायाशी देते ती पाच व्होल्ट. लॅच दोन्ही पोर्टांना, म्हणजे रिमोट लावायच्या दोन्ही जागांना, एकच असतो, म्हणून दोन पोर्टांमध्ये बीप देणारी उरलेली तिसरी पिन लॅच. राहिले डेटा आणि क्लॉक. इथे मजा आली. डेटा लाइन खाली गेली की कन्सोल 'बटण दाबलं' समजतो, म्हणून गेम चालू करून एक किलोओहमचा रेझिस्टन्स ग्राउंडला धरला आणि दुसरं टोक पिनेला टेकवलं, पहिल्या पिनेला काही नाही, दुसऱ्या पिनेला टेकवलं आणि गेमला आपोआप बटण दाबल्यासारखं झालं! रिमोट नाही, काही नाही, नुसती वायर. मी एकटाच ओरडलो, आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

काकांना न विचारता केबल कापली (अजून सांगितलेलं नाही). डाग द्यायला बसलो आणि लाइट गेली, सोल्डरिंग गन गरम होती म्हणून टॉर्चच्या उजेडात उरकलं, आणि त्या उजेडात लॅचची केशरी आणि डेटाची लाल वायर सारखीच दिसते. अर्थात चालला नाही. सकाळी दोन डाग उसवले, लॅच आणि डेटा आपसात बदलले, काळी टेप गुंडाळली, स्टार्ट दाबलं, चालला. बी बटण ए होतं आणि वाय बटण बी, म्हणजे अंगठ्याखाली उडी आणि पळणं अगदी बरोबर जागी येतं, आमच्या जुन्या रिमोटपेक्षा छान. ए, एक्स, एल, आर मुके. टर्बोपण गेला, म्हणजे धरून ठेवलं की आपोआप पुन्हा पुन्हा दाबलं जाणारं बटण, त्याबद्दल भाच्याने नंतर ऐकवलंच.

चवथीला सगळे खेळले, पण रिमोट एक आणि लुइजीला दुसऱ्या पोर्टातलाच लागतो, त्यामुळे भाच्याचा मारिओ मेला की ताई प्लग उपसून दुसऱ्या पोर्टात घालायची, तिचा लुइजी मेला की तो परत पहिल्यात, आणि मी नेवरी खाता खाता दर वेळी ओरडत होतो, अरे हळू, तिथे जोड आहे.