साहेब, चिडू नका

आज कासारवडवलीच्या साइटवरून घरी यायला साडेदहा झाले, घोडबंदरचं ट्रॅफिक नेहमीचंच. जेवण झालं पण झोप येईना म्हणून लिहितोय.

सकाळी व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून नीट बसवणारं मशीन) चालवणारा पोरगा, जेमतेम विशीचा, जालन्याकडचा, जिन्यात माझी वाट बघत उभा होता. म्हणाला, "साहेब, एक सांगायचंय, चिडू नका." काल कॉलम भरताना व्हायब्रेटरची निडल, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायची नळी, मध्येच बंद पडली, मुकादम म्हणाले बाहेरून हातोडीने ठोक आणि चल पुढे. आज शटरिंग (साचा) खोललं तर बुडाला हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ्या, खडी उघडी पडलेली, एका जागी तर सळई दिसत होती. मी यायच्या आत बुजवायचं ठरलं होतं त्यांचं, घमेल्यात माल कालवून तयार होता.

ते "चिडू नका" डोक्यातून जात नाहीये. मागच्या वर्षी अशाच हनीकोंबवरून मी एका मिस्त्रीला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो होतो आणि त्यानंतर हनीकोंब दिसायचेच बंद झाले. मला वाटलं काम सुधारलं. ही पोरं फक्त माझ्याआधी येऊन बुजवत होती.

कॉलमला सळईबाहेर ४० मिमी काँक्रीटचं कव्हर ठेवतो ते सळईला हवा-पाणी लागू नये म्हणून, त्यात इथली खाडीची हवा. आत पोकळ राहिलं तर त्या कव्हरचा काय उपयोग, वर माणसं राहणारेत. २८ दिवसांचा क्यूब, म्हणजे तपासणीसाठी भरलेला काँक्रीटचा ठोकळा, पास होईलच, क्यूब आपण ३ थरांत, प्रत्येक थराला ३५ ठोके मारून मन लावून भरतो, पण कॉलमच्या पोटात काय गेलं ते निडल धरणाऱ्यालाच माहीत आणि तोच मला घाबरून गप्प बसला तर माझ्या सहीला काय अर्थ राहिला.

स्पेअर निडलचा इंडेंट (मागणीपत्र) आठवडाभर माझ्याच टेबलवर पडून होता. तेच सगळ्यांसमोर सांगितलं, की यात चूक माझी आहे. सुटा माल छिन्नीने काढायला लावला, कन्सल्टंटला फोटो पाठवले, ते सांगतील तसं ग्राउटिंग करू, म्हणजे पोकळीत सिमेंटचा पातळ माल भरू. कोणाचा रोज कापला नाही.

संध्याकाळी हजेरी झाल्यावर मुकादम तंबाखू मळत बराच वेळ नुसते उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "साहेब, चौथ्या मजल्यावर पण दोन आहेत, लिफ्टच्या बाजूचे."

उद्या सकाळी हातोडी घेऊन त्यांच्यासोबतच वर जातोय, कुठे पोकळ वाजतंय ते बघायला.