मोकळ्या होलचा दंड

क्लबच्या ऑक्टोबरमधल्या गोल्फ मेडल राउंडचा, म्हणजे ज्यात सगळे स्ट्रोक (फटके) मोजतात आणि कमी स्ट्रोकवाला जिंकतो त्या फेरीचा, निकाल आता बदलणार नाही, आणि नियमाप्रमाणे बदलूही नये. एका खेळाडूला संथ खेळाबद्दल एक स्ट्रोक दंड झाला. नेट, म्हणजे हँडिकॅपची सूट वजा जाता, ६९ चे ७० झाले आणि कप दुसऱ्या ६९ वाल्याकडे गेला. दंड नसता तर दोघांची बरोबरी झाली असती, आणि बॅक नाइन, म्हणजे शेवटचे नऊ होल, दंड झालेल्याचे चांगले होते, म्हणजे बरोबरी फोडायच्या काउंटबॅकवर कप त्यालाच मिळाला असता. कोर्सवर खेळाचा वेग बघणाऱ्या मार्शल साहेबांनी घड्याळ नीट लावलं होतं, त्याबद्दल शंका नाही. पण त्या दिवशीच्या वेळांची वही उघडली की एक गोष्ट लपत नाही: त्याचा गट मागे पडलेलाच नव्हता.

कोर्स पुण्याजवळचा, १८ होलचा. नावं ८० आलेली, म्हणजे २० फोरबॉल, चौघाचौघांचे गट. पहिला गट ६.४० ला, त्यानंतर दर आठ मिनिटांनी एक, शेवटचा ९.१२ ला. ड्रॉमध्ये हे आठ मिनिटांचं अंतर वर्षानुवर्षं चालत आलंय. त्यामागचा हिशेब एवढाच की पहिल्या पार फोरवर (चार स्ट्रोकमध्ये संपवायच्या होलवर) पुढचा गट दुसरे शॉट मारून टप्प्याबाहेर जायला सात-आठ मिनिटं घेतो. फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, रिकामा झाला की स्टार्टर मागच्यांना सोडतो. पहिल्या टीवरून, म्हणजे होल सुरू होतो त्या जागेवरून, बघितलं तर सगळं सुरळीत चाललेलं दिसतं. स्टार्टरची खुर्ची तिथेच असल्यामुळे त्याला त्यापलीकडचं दिसतही नाही.

घोळ तिसऱ्या होलवर होता. तो पार थ्री, १६५ यार्डांचा. पार फोरवर एकाच वेळी दोन गट खेळू शकतात, एक ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) आणि एक टीवर. पार फाइव्हवर तर तीन मावतात. पार थ्रीवर मात्र एकच. ग्रीन रिकामं होईपर्यंत मागच्याला टीवरून मारता येत नाही. म्हणून कोर्सवर तासाला किती गट जातील हे त्यातला सर्वांत संथ पार थ्री ठरवतो, पहिली टी नाही.

त्या दिवशी तिसऱ्यावर कॅडीमास्टरने (बॅग उचलणाऱ्या कॅडींच्या प्रमुखाने) एक मुलगा वही देऊन बसवला होता. प्रत्येक गटाच्या तीन वेळा लिहायच्या: टीवर कधी आले, पहिला शॉट कधी मारला, पिन (झेंड्याची काठी) परत कपात, म्हणजे भोकात, कधी ठेवली. एवढ्या तीन रकान्यांत सगळं कळतं, पण कोणी लिहीत नाही. सरासरी अशी निघाली: चार टी शॉट ३ मिनिटं, चालत ग्रीनपर्यंत २, बंकर (वाळूचा खड्डा) आणि चिप (ग्रीनजवळचा छोटा शॉट) धरून सगळे ग्रीनवर यायला २, पटिंग (ग्रीनवरून बॉल भोकात घालणं) साडेचार, बाजूला व्हायला अर्धा. एकूण १२ मिनिटं.

गट येतायत दर ८ मिनिटांनी, सुटतायत दर १२ मिनिटांनी. प्रत्येक गटाला आधीच्या गटापेक्षा चार मिनिटं जास्त थांबावं लागणार, यात कोणाचाही दोष लागत नाही. दुसरा गट ४ मिनिटं थांबला, तिसरा ८, दहावा ३६, विसावा ७६. दहावा गट तिसऱ्या टीवर पोचला तेव्हा त्याच्यापुढे तीन गट उभे होते. आपल्याकडे बहुतेक जण प्रत्येकी एक कॅडी घेतात, म्हणजे वाट बघणारी २४ माणसं एका टीच्या सावलीला, आणि सावली देणारं झाड एकच. कोणीतरी हाफवे हटवरून चहा मागवला होता, ऑक्टोबरच्या उन्हात.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्यावरून गट सुटतात ते १२ मिनिटांच्या अंतराने. चौथा होल साधा पार फोर, चौदा मिनिटांचा. मागचा गट चौथ्या टीवरून मारून फेअरवेवर येतो तोवर पुढच्या गटाने पिन ठेवलेली असते. म्हणजे या गटासमोर अख्खा होल रिकामा. एक्स्प्रेसवेवरच्या टोलनाक्यासारखं आहे हे: नाक्यापुढचा रस्ता मोकळा दिसतो, कारण गाड्या नाक्यामागे तुंबलेल्या असतात. पण मार्शलच्या कार्डावर लिहिलेलं असतं, 'पुढे पार फोर रिकामा दिसला तर गट मागे पडला समजावा.' चौथ्यावर उभे असलेले मार्शल फौजेतून निवृत्त झालेले, कार्ड अक्षरशः पाळणारे. दंड झालेल्या खेळाडूचा अकरावा गट ८ ला सुटला, ८.३० ला तिसऱ्यावर पोचला, ९.१० ला त्यांना मारता आलं, ९.२२ ला ग्रीन सोडलं. चार मिनिटांनी त्यांनी चौथ्यावरचे टी शॉट संपवले आणि त्यांच्यासमोर होल रिकामा. घड्याळ लागलं, म्हणजे त्यांच्या प्रत्येक शॉटची वेळ मोजणं सुरू झालं.

चाळीस मिनिटं उन्हात उभं राहून सुटलेल्या गटाला सांगायचं की तुम्ही संथ आहात. त्यांचे चेहरे कसे झाले असतील ते वेगळं लिहायला नको.

घड्याळ लागल्यावरचं सगळं मात्र खरं आहे. गोल्फचे नियम एका शॉटला ४० सेकंदांची शिफारस करतात, खेळायला अडथळा नाही त्या क्षणापासून. क्लबच्या धोरणात ती मर्यादा आहे, गटात सर्वांत आधी खेळणाऱ्याला दहा सेकंद जास्त, पहिल्या चुकीला इशारा, दुसऱ्याला एक स्ट्रोक. या खेळाडूला पाचव्यावर ६१ सेकंद लागले, इशारा मिळाला. सहाव्यावर ५५, दंड. ते ५५ सेकंद कुठे गेले हे सांगण्यासारखं आहे, कारण क्लबमधल्या निम्म्या लोकांचे तिथेच जातात. आपली पाळी आल्यावर कॅडीकडे अंतर मोजायचं लेझर मागितलं, कॅडीने ते बॅगेच्या खिशातून काढलं, पिनवर धरलं: १५ सेकंद. आकडा ऐकून सात नंबरची स्टिक की आठ नंबरची यावर चर्चा: १०. हातमोजा तोवर खिशातच होता, तो घालणं: ६. तीन सराव स्विंग: १४. बॉलवर उभं राहून दोनदा मागे हटणं आणि मग शॉट: १०. यातले पहिले ३१ सेकंद दुसरे खेळत असताना होऊ शकतात. 'रेडी गोल्फ' म्हणजे पळत खेळणं नव्हे, हे ३१ सेकंद दुसऱ्याच्या वेळेत उरकणं. सराव स्विंग तीन करा की पाच, ज्याला सवय आहे तो करणारच, त्यावर भांडून काही मिळत नाही.

म्हणजे तो संथ होता का? होता. पण त्या दिवशीच्या फेऱ्या पावणेसहा तासांवर गेल्या त्या त्याच्यामुळे नव्हे. त्याने एकट्याने प्रत्येक शॉटला १५ सेकंद वाचवले असते तरी तिसऱ्याची रांग तशीच राहिली असती, फक्त तो तिथे आधी पोचून जास्त वेळ उभा राहिला असता. उलट चौथ्या क्रमांकाच्या गटाने पहिल्या होलवर रफमध्ये (उंच गवतात) बॉल शोधण्यात बराच वेळ घालवला. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, यांनी त्याहून खूपच जास्त घेतली. प्रोव्हिजनल (हरवला तर म्हणून आधीच मारून ठेवायचा दुसरा बॉल) मारला नव्हता, म्हणून एकजण दोनशे यार्ड परत टीवर गेला. जाणं, मारणं, येणं, सहा-सात मिनिटं. हे कोणाच्या डोळ्यांवर आलंच नाही, कारण तिसऱ्यावर त्यांना तशीही बारा मिनिटं थांबायचं होतं, उशीर रांगेत जिरून गेला. त्या गटात कमिटीतले एक सदस्य होते, हा योगायोगच म्हणायचा.

मोठ्या खेळातही दंड असाच कुठेतरी भलतीकडे जाऊन पडतो. २०१३ च्या मास्टर्समध्ये, अमेरिकेतल्या नावाजलेल्या स्पर्धेत, दुसऱ्या दिवशी सतराव्या होलवर एक स्ट्रोक दंड झाला तो ग्वान तियानलांगला, चौदा वर्षांच्या चिनी मुलाला. नियमाने तोही बरोबरच होता. पण ज्यांच्या संथपणाबद्दल टीव्हीवर वर्षानुवर्षं ओरड चालते, त्यांच्या कार्डावर असा स्ट्रोक क्वचितच चढतो.

दंडाने फेरी लहान होत नाही. फेरी लहान करायची तर तिसऱ्याची बारा मिनिटं कमी करायची, किंवा पहिल्या टीवरचं अंतर वाढवायचं.

बारा मिनिटं कशी कमी होतात? लोक लगेच म्हणतात, मागच्यांना हात दाखवून मारू द्या. म्हणजे पुढचे चौघं ग्रीनवर आले की बॉल मार्क करून (जागी खूण ठेवून उचलून) बाजूला व्हायचं, मागच्यांचे टी शॉट होऊ द्यायचे, मग पटिंग. हे करावंच, पण याने किती वाचतं याबद्दल गैरसमज आहे. मागच्यांचे टी शॉट होईपर्यंत पुढचे थांबलेलेच असतात, ती तीन मिनिटं कुठे जात नाहीत. वाचतं ते फक्त चालणं, कारण मागचे चालत येतात तेव्हा पुढचे पट करतात. बाराचे दहा होतात, आठ नाही. आणि बाजूला व्हायचं ते टीच्या रेषेपासून लांब, बंकरच्या मागे वगैरे, कॅडींसकट. बॅग ग्रीनच्या पुढच्या बाजूला, चौथ्या टीकडे जाताना हाती लागेल अशी ठेवायची. बरेच खेळाडू ती ग्रीनच्या अलीकडे सोडतात आणि पट झाल्यावर उलट चालत जातात, मागचे टीवरून बघत बसतात.

पिन हा दुसरा भाग. त्या दिवशी तिसऱ्यावर पिन उजवीकडे पुढे, बंकरच्या मागे, कडेपासून चार पावलांवर आणि उतारावर. मेडल आहे म्हणून टी मार्कर अगदी मागे. वर ग्रीन कापून, रोलर फिरवून स्टिम्प, म्हणजे ग्रीनचा वेग, साडेदहापर्यंत नेलेलं. स्टिम्पमीटर म्हणजे खाच असलेली ॲल्युमिनियमची पट्टी. ती हळूहळू उचलायची, बॉल खाचेतून सुटून घरंगळत जातो. तीन बॉल एका दिशेने, तीन उलट, आणि सरासरी किती फूट ते मोजायचं. नेहमी ग्रीन साडेआठ-नऊला असतं. दीड फुटाने ग्रीन 'चांगलं' झालं याचा ग्रीनकीपरला अभिमान, आणि तो रास्तही आहे, तसं गवत ऑक्टोबरात करून दाखवणं सोपं नाही. पण उतारावरच्या पिनपाशी बॉल थांबेना. वहीत तीन-तीन, चार-चार पट मारल्याच्या खुणा आहेत. पिन ग्रीनच्या मध्यावर, कपाभोवती तीन फूट सपाट जागा, टी १५० यार्डांवर आणि स्टिम्प नऊ, एवढ्याने दीड मिनिट सहज जातं. कप्तानांना हे सांगितलं तर उत्तर येतं, 'मग मेडल कसलं?'

स्टेबलफर्ड, म्हणजे होलगणिक गुणांचा प्रकार, खेळवलं तर आणखी फरक पडतो. नेट डबल बोगीला (सूट धरून पारपेक्षा दोन जास्त) गुण शून्य, म्हणून बॉल उचलून चालू लागता येतं. मेडलमध्ये अकरावा स्ट्रोकसुद्धा कपात घालावा लागतो. नियमांत कमाल स्कोअरचा प्रकारही आहे, तो नेट डबल बोगीला बांधता येतो. पण बोर्डावर सोनेरी अक्षरांत नाव चढतं ते मेडलवाल्याचं.

या सगळ्यात कॅडींचा विचार कोणीच करत नाही. फेरी सव्वाचार तासांत आटोपली तर सकाळचा कॅडी दुपारची दुसरी बॅग उचलतो. पावणेसहा तास लागले की त्याची दुसरी फेरी गेली. त्या दिवशी बऱ्याच जणांची गेली. खेळाडूंचं नुकसान एका थंड जेवणाचं.

राहिला उपाय अंतराचा. फोरबॉलना बारा मिनिटं द्यायची तर ६.४० ते ९.१२ मध्ये १३ गट बसतात, ५२ खेळाडू. २८ जणांना नाही म्हणायचं आणि त्यांची एंट्री फी सोडायची, हे खजिनदार मान्य करणार नाहीत. पण दोन टींवरून सुरू केलं तर २०ही गट बसतात: दहा पहिल्यावरून, दहा दहाव्यावरून, दर बारा मिनिटांनी. शेवटचे ८.२८ ला सुटतात, सर्वांत पुढचे नऊ होल संपवून ८.५० च्या सुमारास पलीकडच्या टीवर येतात, तेव्हा ती रिकामी असते. वरची वीस-बावीस मिनिटं चुकाभुलीला. बॅक नाइनचा पार थ्री बारा मिनिटांपेक्षा संथ निघाला तर मात्र तिथे रांग लागेल, म्हणून तिथेही एक मुलगा वही घेऊन बसवायला हवा.

कमिटीत हरकत आली ती अशी: दहावी टी क्लबहाउसपासून लांब, दोन स्टार्टर लागतील, आणि प्रायोजकाचा फलक पहिल्या टीवर आहे, तिथून सगळे गेले नाहीत तर फोटोंचं काय. शेवटी पुढच्या मेडलसाठी तडजोड झाली. बारा गट पहिल्यावरून दर नऊ मिनिटांनी, आठ गट दहाव्यावरून दर बारा मिनिटांनी. तिसऱ्याची पिन कुठे असेल ते कप्तान त्या दिवशी सकाळी ठरवणार. दंड झालेल्या खेळाडूचं नाव पहिल्यावरच्या बाराव्या गटात आहे. पिन जर पुन्हा उजवीकडे पुढे असेल तर तो तिसऱ्यावर तेहतीस मिनिटं थांबेल आणि चौथ्यावर त्याच्यासमोर होल रिकामा असेल. मार्शलच्या कार्डावरचं ते वाक्य बदलावं, गटाची वेळ तिसऱ्यावरून सुटल्यापासून मोजावी, असं लिहून दिलंय. कार्डं मात्र मागच्या वर्षीचीच छापून आलीत.