तलाव बघायला थांबलोय

परवा दुपारी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. मे महिना, बडोद्याचं ऊन, हातात भाजीची जड पिशवी, आणि तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर शेजारच्या काकू जाळीतून बाहेर बघत उभ्या. म्हटलं काय काकू, तर म्हणाल्या, "काही नाही गं, हवा छान येतेय, जरा बाहेर बघतेय." बाहेर म्हणजे समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी, एक मोबाइल टॉवर आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या गोधड्या. हवा म्हणाल तर पान हलत नव्हतं. मीपण पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभं राहून टाकी बघायला लागले. दोघींनी अगदी मन लावून बघितली ती टाकी.

दम लागलाय असं कुणी सरळ सांगत नाही, निदान आमच्या घरात तरी नाही. आमच्या घराण्याची ही विद्या सगळी पावागडावर तयार झालेली. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, सकाळच्या एसटीने निघायचं, दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून, आणि खाली उतरल्यावर जीपवाले "माची, माची, माची" (डोंगरावर गाडी जाते तिथपर्यंतचं ठिकाण) ओरडत अंगावर यायचे की बाबा त्यांच्याकडे न बघता पुढे. आम्ही पायी. पायथ्याच्या चांपानेरपासून, किल्ल्याच्या अटक दरवाज्यातून, जुन्या वाटेने. डोंगर आठेकशे मीटरचा, म्हणजे सह्याद्रीवाल्यांनी हसावं इतकाच, पण खालची जमीन इतकी सपाट की तो एकदम समोर उठून उभा राहतो.

वाट मात्र सुंदर. झिजलेले दगड, दोन्हीकडे साग, त्याची वाळकी पानं ताटाएवढी, पायाखाली आली की इतका आवाज की मागून कोण येतंय ते न बघता कळतं (आत्या यायची, सगळ्यात मागे). एका वळणावर झाडीतून वडा तलाव दिसतो. आधी नुसता पत्र्याच्या तुकड्याएवढा चकाकतो, पुढच्या वळणावर जरा रुंद होतो, काठावरचा कबूतरखाना दिसायला लागतो, मग आणखी वर गेलं की सगळा तलाव आणि अलीकडे जामी मशिदीचे घुमट. पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ, उन्हाळ्यात मागे सरकलेलं, कडेला हिरवट पट्टा आणि त्यात म्हशी.

तर हा तलाव बघायला सगळे थांबायचे. "अरे बघू तरी द्या जरा, नुसते पळत काय सुटलाय." आईला तलाव दिसला की बाकीच्यांची तहान आठवायची, पाणी पिऊन घ्या रे सगळे, आणि कुणाला तहान नसली तरी ती बाटली उघडून, झाकण हातात धरून, निवांत उभी. आत्याच्या चपलेत खडा. प्रत्येक वळणावर खडा, माझा तर संशय आहे की तो एकच खडा होता आणि ती घरून घेऊन यायची. मामाकडे कॅमेरा, रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे काढायचा एकही नाही पण डोळा लावून अँगल मात्र शोधत राहायचं.

आणि बाबांचा इतिहास.

बाबा दरवाज्यापाशी थांबायचे, कमानीच्या दगडावर हात टेकवायचे (टेकायचे म्हणा ना) आणि सुरू. इथला राजा पताई रावळ, गुजरातचा सुलतान महमूद बेगडा, त्याचा वेढा. वेढा खरं तर वीसेक महिन्यांचा, 1484 साली किल्ला पडला, पण चढ जितका खडा तितका बाबांचा वेढा लांबायचा. वरच्या एका दरवाज्यापाशी तर बेगड्याचे सैनिक तंबूत बसून पत्र लिहायला लागले होते. मग शिंदे. "हा किल्ला गायकवाडांचा नाही बरं का, शिंद्यांचा," हे बाबा असं सांगायचे की जणू बडोद्यात कुणी वाद घालायला आलंय. 1803 मध्ये इंग्रजांनी घेतला, दुसऱ्या वर्षी परत दिला, 1853 ला पुन्हा गेला. एवढं होईपर्यंत श्वास जागेवर. चला.

मला सगळ्यात आवडायचा हुमायून. 1535 साली तो रात्री कड्याच्या बाजूने चढला, खडकात लोखंडी खिळे ठोकून, बरोबर तीनेकशे माणसं. मी विचारलं होतं, त्यांना दम लागला तेव्हा त्यांनी काय सांगितलं असेल, रात्री तर तलाव दिसत नाही. बाबा म्हणाले, चल गं, चल.

हल्ली ही कला जायला लागलीय. माझी भाची अशा वाटांना 'मॉडरेट' म्हणते. मॉडरेट म्हणजे माझ्या मते बोलता येतं पण भांडता येत नाही असा चढ. तर ती मनगटावर बघते आणि भर वाटेत जाहीर करते, "मावशी, थांब, हार्टरेट एकशे साठ झालाय." सरळ. लाज नाही, खडा नाही, इतिहास नाही. आणि थांबते ती तलावाकडे पाठ करून, घड्याळातला आकडा खाली यायची वाट बघत. अगं, निदान बघितल्यासारखं तरी कर! तेलिया तलाव तिने असाच घालवला, वरचे छासिया-दुधिया फोटोसाठी म्हणून बघितले.

गेल्या हिवाळ्यात बाबांना घेऊन गेलो, तेव्हा माचीपर्यंत गाडीने आणि पुढे रोपवेने. रोपवे 1986 पासून आहे, बाबा कधी बसले नव्हते. पाळणा सुटला, खाली जुनी तटबंदी, झाडी, पायऱ्यांवरची माणसं, सगळं सरसर मागे जातंय, आणि बाबा गप्प. मी म्हटलं, बाबा, बेगडा? "हं," म्हणाले. शिंदे? "पुस्तकात आहे सगळं, वाच." काही मिनिटांत वर. एक सनावळी नाही.

पण वर उतरल्यावर कालिकामातेच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेतच. थोड्या चढल्या असतील आणि बाबांनी कठडा धरला. "इथून आजवा दिसतो," म्हणाले. आजवा म्हणजे सयाजीरावांनी बांधलेलं आमचं पिण्याचं पाणी, श्रावणात हवा धुतलेली असली तर एखादी रेघ दिसतही असेल, पण त्या दिवशी सगळं धुरकट, खालचा वडा तलावसुद्धा नीट दिसेना. म्हटलं, हो, दिसतोय की. "लेव्हल कमी वाटतेय," बाबा म्हणाले. मग आजव्याची लेव्हल, तिथून विश्वामित्री, काळा घोड्याच्या पुलाशी सव्वीस फूट झालं की धोका, 2024 च्या पुरात पस्तीसच्या वर गेलं तेव्हा कुणाच्या घरात किती पाणी, कुणाच्या अंगणात मगर, आणि ही सगळी नदी निघते कुठून तर याच डोंगरातून. मी एकेक प्रश्न काढत होते, पुढे काय झालं, मग काय झालं. मागून गर्दी, "काका, आगळ चालो ने." मी त्यांना सांगितलं, दोन मिनिट हं, आम्ही आजवा बघतोय.